कस्टम कार शो आणि ड्रिफ्ट स्पर्धा पहिल्यांदाच बघायला जाताय? सगळं बघायचा हट्ट सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाड्यांचं वेड लहानपणापासून, पण स्वतःची गाडी कंपनीतून आली तशीच आहे. लवकरच शनिवारी कस्टम कार शो (हौसेनं बदलून घेतलेल्या गाड्यांचं प्रदर्शन) आणि रविवारी ड्रिफ्ट स्पर्धा (गाडी मुद्दाम घसरवत, आडवी ठेवून वळणं काढण्याची), दोन्ही आयुष्यात पहिल्यांदा. बरोबर काय न्यावं, कुठे बसावं, मालकांशी कसं बोलावं, कुणी ‘तुमची गाडी कुठली?’ असं विचारलं तर काय सांगावं, आणि परत आल्यावर आपल्या गाडीत सुरुवात कशापासून करावी?

मी बरीच वर्षं गाड्यांच्या पत्र्याचं आणि रंगाचं काम करतोय. शोमध्ये परीक्षकांबरोबर कागद घेऊन फिरलोय, आणि ड्रिफ्टवाल्यांच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, फाटलेले बंपर जोडत बसलोय. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

तुमचे प्रश्न पाच असले तरी खरी अडचण एकच आहे: तिथे गेल्यावर बघायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. बहुतेक जण दिवसभर पायपीट करतात, फोन फोटोंनी भरून आणतात, आणि आठवड्यानं विचारलं तर एका गाडीबद्दलही धड चार वाक्यं सांगता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रिफ्टला जातात, धूर आणि आवाज मनसोक्त अनुभवतात, पण अमुक गाडी जिंकली ती का, हे कळत नाही. मजा येते, नाही असं नाही. पण तुम्ही एवढा विचार करून विचारलंय, म्हणजे तुम्हाला त्यापेक्षा जास्त हवंय असं धरून लिहितो.

आधी एक गोष्ट. शो कुठल्या प्रकारचा आहे यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोठ्या सभागृहातला तिकिटाचा शो असेल तर गाड्या दोरीच्या पलीकडे असतात, गर्दी असते, आणि गाडीपाशी उभा असलेला माणूस बहुतेकदा ती बनवणारा नसून कंपनीचा प्रतिनिधी असतो. दर जानेवारीत जपानच्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात भरणारा टोकियो ऑटो सलॉन हे याचं मोठं उदाहरण. दुसरा प्रकार धंद्यातल्या लोकांचा. लास वेगासचा सेमा शो मुळात सुटे भाग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी आहे. १९६७ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये तो पहिल्यांदा भरला. तिसरा प्रकार म्हणजे मोकळ्या मैदानातला मेळावा, जिथे मालक स्वतःच्या गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेला असतो. नवख्या माणसासाठी हा तिसरा प्रकार सगळ्यात चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. काम थोडं कच्चं दिसेल, पण उत्तरं मिळतील.

आता शनिवार. गेट उघडायच्या वेळेला पोचा. पहिल्या तासात गर्दी कमी असते, आणि मालक अजून गाडी पुसत असतात, म्हणजे बॉनेट, दारं, डिकी उघडी असतात. दुपारनंतर हेच सगळं बंद करून लोक सावलीत जाऊन बसतात.

आणि पहिली फेरी फोन खिशात ठेवून मारा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब बघा. शोमध्ये ३०० गाड्या असल्या आणि प्रत्येकीला फक्त एक मिनिट दिलं, तरी पाच तास झाले. एका मिनिटात दिसतं काय? रंग, रिम, आणि गाडी किती खाली बसवलीय एवढंच. त्यापेक्षा पहिल्या फेरीत नुसतं चालत जा, ज्या गाडीपाशी पाय आपोआप थांबतील ती लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या फेरीत अशा आठ-दहा गाड्यांनाच वेळ द्या. बाकीच्या सोडून द्या. वाईट वाटेल, पण सोडा.

त्या आठ-दहा गाड्यांत काय बघायचं? रंगापासून सुरू करतो, कारण तो माझा विषय आहे. रंग समोरून बघू नका. गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसा आणि पत्र्याच्या लांबीवरून नजर टाका, जेणेकरून छतावरच्या ट्यूबलाइटचं किंवा शेजारच्या खांबाचं प्रतिबिंब दारावरून पुढे जाताना दिसेल. काम चांगलं असेल तर ती रेघ एका दारातून दुसऱ्या दारात सरळ जाते. पुट्टी भरून नीट घासलेली नसेल तर रेघ मध्येच पोट काढते. प्रतिबिंबाची कडा बारीक दाणेदार दिसली, संत्र्याच्या सालीसारखी, तर क्लिअर कोट (रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर) मारल्यानंतर तो घासून पॉलिश केलेला नाही असं समजा. कंपनीतून आलेल्या गाड्यांवर हा दाणा थोडाफार असतोच, पण शोच्या गाडीवर तो राहिला तर परीक्षक गुण कापतात.

मग फटी बघा. दार आणि फेंडर (चाकावरचा पत्रा), बॉनेट आणि फेंडर, डिकी आणि मागचा पत्रा. फट वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची आहे का? रंग कितीही झगमगीत असो, फट वाकडी असेल तर पत्र्याचं काम घाईत झालंय. नंतर दार उघडं असेल तर चौकटीचा आतला रंग, बिजागरांच्या मागची जागा, रबराच्या खालची कडा. घाईत केलेला रंग इथे उघडा पडतो. बाहेरून लालभडक आणि बिजागरामागे जुना पांढरा, असं मी किती वेळा पाहिलंय.

कँडी रंगाची गाडी दिसली तर तिला जास्त वेळ द्या. आधी चंदेरी किंवा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे थर, आणि सगळ्यात वर क्लिअर. पारदर्शक रंगाचा प्रत्येक थर रंग गडद करत जातो, म्हणून बॉनेटवर एक थर जास्त आणि दारावर एक कमी बसला तर दोन वेगळे लाल दिसतात. पुढे एक ओरखडा आला तरी तेवढाच तुकडा रंगवून तो जुळवणं जवळजवळ अशक्य, अख्खा भाग पुन्हा करावा लागतो. उन्हात उभी असलेली, सगळीकडे एकाच छटेची कँडी गाडी दिसली की तिच्या रंगाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

रुंद फेंडर लावलेल्या गाड्या हल्ली सगळीकडे आहेत. तिथे एकच बघा: मूळ फेंडर कापल्यावर कडेचं काय केलंय. आतला आणि बाहेरचा पत्रा पुन्हा वेल्ड करून, सील करून, गंजरोधक मारलंय की नुसतं कापून वरून फायबरचा फेंडर स्क्रूनं बसवलाय? चाकाच्या खोबणीत मोबाइलचा टॉर्च मारून बघता येतं, पण मालकाला विचारून. दुसरं, चाक आणि फेंडर यांच्यात बोटभरही जागा नाही अशी गाडी दिसली तर ती एअर सस्पेन्शनवर आहे का ते विचारा. हवा सोडून जमिनीला टेकवलेली गाडी चालवताना वर येते. स्प्रिंगवर कायमची तेवढीच खाली असेल, तर तिच्या खालचे ओरखडे आणि फेंडरच्या आतल्या घासल्याच्या खुणा सांगतात की ती खरंच चालवली जाते. मला अशा खुणा आवडतात. ट्रेलरवरून येऊन ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीपेक्षा घासलेली गाडी मला जास्त पटते. मात्र पत्र्याचं काम करणारे माझे निम्मे मित्र यावर माझ्याशी भांडतील.

त्यांची बाजूही खरी आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ऑटोरामा शोमधला रिडलर पुरस्कार घ्या. नियमच असा, की गाडी त्याआधी कुठल्याही शोमध्ये दाखवलेली नसावी. त्यामुळे लोक वर्षानुवर्षं गाडी झाकून काम करतात, आणि तिचं बूडसुद्धा छताइतकंच गुळगुळीत असतं. खाली आरसे ठेवतात ते उगाच नाही. अशा गाडीच्या मालकाला ‘ही चालवता का?’ विचारण्यात अर्थ नाही. ती मुळात हाताचं काम किती दूर नेता येतं हे दाखवायला बनवलेली असते.

मालकांशी बोलण्याबद्दल तुम्ही जरा जास्तच काळजी करताय. दोन प्रश्न तेवढे टाळा: ‘किती खर्च आला?’ आणि ‘किती हॉर्सपॉवर?’ पहिला खासगी आहे, दुसरा मालकानं त्या दिवशी चाळीस वेळा ऐकलेला असतो. त्याऐवजी विचारा, ‘यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?’ किंवा ‘कुठलं काम उकलून पुन्हा करावं लागलं?’ हा दुसरा प्रश्न हुकमी आहे. प्रत्येक गाडीत असं एक काम असतंच, आणि ते सांगताना मालक स्वतःच बॉनेट उघडून दाखवतो. वायरिंग कुठून फिरवली, रेडिएटर का सरकवला, पहिली रिम का बसली नाही. ‘तुमची गाडी कुठली?’ असं कुणी विचारलंच तर जी आहे ती सांगा. साधी गाडी असणं हा तिथे अपराध नाही. खोटं ज्ञान दाखवणारा माणूस मात्र दोन वाक्यांत ओळखू येतो.

शिष्टाचार म्हणाल तर हात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ओरखडे हातानं पडत नाहीत. ते पडतात पट्ट्याच्या बकलनं, पाठीवरच्या बॅगेच्या चेननं, गळ्यात लोंबणाऱ्या कॅमेऱ्यानं. वाकण्याआधी बॅग पुढे घ्या. गाडीवर धूळ दिसली म्हणून रुमालानं पुसायला जाऊ नका. कोरड्या कापडाखाली धुळीचे कण रगडले जातात आणि क्लिअर कोटवर गोल गोल रेघा उठतात. फोटोत नंबर प्लेट आली असेल तर टाकण्याआधी झाका.

शनिवारचं एवढं पुरे: उशिरा जाऊ नका, थोड्या गाड्या निवडा, खाली बसून बघा, आणि उकलून केलेल्या कामाबद्दल विचारा. रविवारी यातलं जवळपास सगळं विसरायचं आहे. तिथे गाडी तुमच्यापुढून जाईल, तुम्ही हलायचं नाही.

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ जवळजवळ एकाच घरात आहे. जपानच्या ‘ऑप्शन’ या, गाड्यांमध्ये बदल करण्याबद्दलच्या मासिकाचे दाइजिरो इनादा यांनी १९८३ साली जो शो सुरू केला, त्याचाच पुढे टोकियो ऑटो सलॉन झाला. त्याच इनादांनी रेसिंग चालक केइची त्सुचिया यांच्याबरोबर डी-१ ग्रां प्री ही ड्रिफ्टची मालिका उभी केली, २००० च्या सुमाराला. त्सुचिया स्वतः डोंगरातल्या वळणांवर शिकलेले, पुढे टोयोटा एई-८६ या गाडीमुळे गाजलेले, आणि त्यांच्याआधी कुनिमित्सु ताकाहाशी सत्तरच्या दशकात ट्रॅकवर गाडी आडवी घालून वळणं काढत होते. अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट या मालिकेचा पहिला हंगाम २००४ चा.

ड्रिफ्ट म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. कोण आधी पोचलं याला किंमत नाही; परीक्षक गुण देतात. सकाळी सहसा पात्रता फेरी असते, एकेक गाडी एकटी धावते, आणि तिची ओळ, कोन आणि शैली बघून १०० पैकी गुण मिळतात. ओळ म्हणजे ट्रॅकवर आखून दिलेला मार्ग: बाहेरच्या पट्ट्यांतून मागची चाकं न्यायची, आतल्या खुणांच्या जवळून गाडीचं नाक काढायचं. कोन म्हणजे गाडी जाते त्या दिशेपासून किती आडवी आहे. शैली म्हणजे हे सगळं किती सफाईनं आणि धाडसानं केलं. गाडी गरगर फिरली तर ती फेरी शून्य. त्यानंतर बाद फेरी, दोन-दोन गाड्यांची. एक पुढे, एक मागे. मग जागा बदलून पुन्हा. पुढच्यानं पात्रता फेरीसारखीच नीट धाव द्यायची, मागच्यानं त्याला चिकटून, त्याच्याच वेळेला वळून, त्याच्याइतकाच कोन धरून जायचं. दोघांत फरक करता आला नाही तर पुन्हा धावायला लावतात, ‘वन मोअर टाइम’ म्हणून.

मग बघायचं कुणाकडे? नवीन माणसाची नजर पुढच्या गाडीकडे जाते, कारण ती आधी येते. तुम्ही मागच्या गाडीकडे बघा. पुढच्याला काय करायचंय ते आधीपासून ठरलेलं असतं. मागच्याला ते क्षणाक्षणाला ठरवावं लागतं, समोर धूर असताना. तीन जागी लक्ष ठेवा. पहिली, सुरुवात: पुढच्यानं गाडी आडवी घातल्यावर मागच्यानं लगेच घातली की तो क्षणभर सरळ राहिला? दुसरी, दिशा बदलायची जागा, जिथे गाडी डावीकडून उजवीकडे झोका घेते. इथे अंतर वाढतं किंवा टक्कर होते, चांगल्या चालकाचं अंतर इथेही तेवढंच राहतं. तिसरी, कोन. मागची गाडी खूप जवळ आहे, टाळ्या पडतायत, पण तिचा कोन पुढच्यापेक्षा कमी आहे, किंवा ती बाहेरची पट्टी सोडून आतून शॉर्टकट मारतेय. असं जवळ येणं स्वस्त आहे, परीक्षक त्याला भुलत नाहीत. हे एकदा दिसायला लागलं की निकाल जाहीर व्हायच्या आत तुमचा निकाल तयार असेल, आणि बहुतेक वेळा जुळेल. नाही जुळला तर समालोचक काय सांगतोय ते ऐका, परीक्षकांची कारणं तिथे कळतात.

पुढच्या चाकांकडेही एकदा नीट बघा. गाडी डावीकडे वळतेय आणि पुढची चाकं उजवीकडे पूर्ण फिरलेली आहेत. साध्या गाडीची चाकं साधारण ३५ ते ४० अंश फिरतात. ड्रिफ्टच्या गाडीत स्टिअरिंगचे भाग बदलून हे ६० च्या पुढे नेतात, म्हणून एवढ्या कोनातही ती गरगर फिरत नाही. ताकदीचं म्हणाल तर वरच्या पातळीवरच्या गाड्या १००० हॉर्सपॉवरच्या आसपास असतात. पण हौशी लोकांच्या दिवशी निसान सिल्वियाचं मूळ एसआर-२० टर्बो इंजिन, म्हणजे २०५ ते २५० हॉर्सपॉवर, दिवसभर सुंदर ड्रिफ्ट करताना दिसेल.

कुठे बसायचं ते ट्रॅकवर अवलंबून, पण निवडायची पद्धत सगळीकडे तीच. आधी परीक्षकांचा मनोरा शोधा. ते जिथून बघतात त्याच बाजूला, जमेल तेवढं उंच बसा, जिथून गाडी आडवी घालायची जागा आणि निदान पहिली दिशाबदलाची जागा दिसेल. अगदी कुंपणापाशी बसलात तर एक वळण भव्य दिसेल आणि बाकीचं धुरात जाईल. वाऱ्याची दिशा बघा, धूर तुमच्याकडे येत असेल तर जागा बदला. सूर्य पाठीशी असावा. ट्रॅकला काँक्रीटच्या भिंती असतील, अमेरिकेतल्या लाँग बीचच्या रस्त्यांवर होतं तसं, तर बाहेरच्या भिंतीजवळचा भाग दिसेल असं बघा. गाडीचा मागचा बंपर भिंतीपासून वीतभर अंतरावरून जातो ते तिथेच कळतं.

बरोबर नेण्याच्या यादीत माझ्या मते एकच गोष्ट खरी महत्त्वाची: कानात घालायचे इअरप्लग. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्यासाठी इअरमफ. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि ड्रिफ्टच्या कुंपणापाशी आवाज त्याच्या वरही जातो. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारे माझ्या धंद्यात खूप आहेत, आता त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. बाकी टोपी, पाणी, बंद बूट, आणि डोळ्यांना चष्मा, कारण टायरचे तुकडे उडतात. पांढरा शर्ट घालू नका, संध्याकाळपर्यंत त्यावर काळे ठिपके पडतात.

पिट किंवा पॅडॉकमध्ये (संघांच्या आवारात) जायची सोय असलेलं तिकीट मिळत असेल तर तेच घ्या, आसन थोडं मागचं मिळालं तरी चालेल. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जे चालतं ते बघण्यासारखं असतं. जॅकवर गाडी, मागचे टायर उतरवतायत (पुढचे बराच काळ टिकतात, झिजतात ते मागचे), एक जण टाय-रॉड (पुढची चाकं वळवणारी दांडी) सरळ आहे का बघतोय, आणि एक जण बंपर झिप टायनी (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्यांनी) बांधतोय. शनिवारी तुम्ही ज्या फटी मोजल्या त्याच इथे आठवा. झिप टाय हा गबाळेपणा वाटतो, पण धक्का लागला की आधी तो तुटतो आणि बंपर सुटून पडतो. बोल्टनं घट्ट बसवलेला असता तर फेंडर घेऊन फाटला असता. झिप टाय बदलायला दोन मिनिटं लागतात, फेंडर बदलायला दुपार जाते. एकाच धंद्यातल्या दोन माणसांनी एकाच बंपरकडे किती वेगळ्या हिशोबानं बघितलंय, ते दोन दिवसांत समोरासमोर दिसेल. म्हणून तुम्ही दोन्ही बघायला जाताय हे मला फार आवडलं.

पिटमध्ये बोलायची वेळ मात्र साधावी लागते. पुढच्या फेरीला गाडी निघायच्या आधी कुणाला हटकू नका. जो संघ बाद झाला तो तासाभरानं निवांत असतो, आणि गप्पा त्यांच्याशीच चांगल्या होतात. जाण्या-येण्याच्या वाटेवर उभे राहू नका, हेल्मेट घातलेल्या चालकाला आजूबाजूचं फार कमी दिसतं. टेकून उभं राहायचा मोह झाला तर सायलेन्सर कुठे आहे ते आधी बघा.

काही ठिकाणी प्रेक्षकांना चालकाशेजारी बसवून फेरी मारतात. संधी मिळाली तर घ्या, पण सकाळी लगेच नको; आधी थोडा सराव बाहेरून बघा, म्हणजे आत बसल्यावर क्लचला बसणारा झटका आणि हँडब्रेकची ओढ कशासाठी आहे ते कळेल. भरपेट जेवून बसू नका. आणि घाबरून हाताला येईल ते धरू नका: तुमच्या शेजारी जो उंच दांडा असतो तो हायड्रॉलिक हँडब्रेक आहे.

फोटोंबद्दल थोडक्यात. शोमध्ये फ्लॅश बंद, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. ड्रिफ्टला शटर फार वेगवान ठेवलंत तर चाकं थांबलेली दिसतात आणि गाडी आडवी उभी केल्यासारखी वाटते. १/१२५ सेकंदापासून सुरू करा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. सुरुवातीला बहुतेक फोटो हलतील. बाद फेरी सुरू झाली की कॅमेरा ठेवून द्या, दोन्ही एकदम होत नाही.

एक सूचना मात्र गंभीरपणे. शो संपल्यावर गाड्या बाहेर पडतात तेव्हा गेटबाहेर गर्दी जमते, लोक हातवारे करून ‘रेस दे, रेस दे’ म्हणतात, आणि एखादा थंड टायरवर, भरल्या रस्त्यात ताकद सोडतो. अशा वेळी गाडी फूटपाथवरच्या माणसांत घुसल्याचे प्रसंग अनेक देशांत घडले आहेत. ट्रॅकवर तुमच्या आणि गाडीच्या मध्ये भिंत असते, मार्शल असतो. गेटबाहेर काहीच नसतं. त्या गर्दीत थांबू नका, आणि हातवारे तर नकोच. अशा एका संध्याकाळमुळे पुढच्या वर्षी मैदानच मिळत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, तुमच्या स्वतःच्या गाडीचा. ती कुठली हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक साध्या गाड्यांप्रमाणे तिचं इंजिन पुढची चाकं फिरवत असेल असं धरतो. अशा गाडीची मागची बाजू हँडब्रेकनं घसरवता येते, पण घसरत ठेवता येत नाही, कारण ताकद मागच्या चाकांना जातच नाही. तेव्हा ड्रिफ्टचा नाद या गाडीवर करू नका. सुरुवात टायरपासून करा. चांगले टायर, मग ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल, मग शॉक अब्सॉर्बर. इंजिनची जादा ताकद असो की रुंद रिम, सगळं शेवटी टायरच्या तळहाताएवढ्या जागेतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. ती जागा कमजोर असेल तर वरचा खर्च वाया. रंगाचं काम सगळ्यात शेवटी, नाहीतर पुढच्या प्रत्येक बदलात तो ओरखडणार.

ड्रिफ्ट शिकायचंच असेल तर शिकवणाऱ्यांकडे, ओल्या केलेल्या मोकळ्या पृष्ठभागावर शिका. पाण्यावर गाडी कमी वेगात घसरते, टायर कमी झिजतात आणि चुकलं तरी आदळायला काही नसतं. नाव नोंदवताना मागच्या चाकांवर चालणारी गाडी त्यांच्याकडेच मिळते का ते विचारा, आणि तुमची पार्किंगमध्ये राहू द्या.